उलटा बाक

बर्चची पट्टी पाठीला, पाईनची पोटाला.
आमच्या कुह्मोत पोट पाठीला लागायचं
ते सालीच्या भाकरीच्या वर्षांत.
आता लागतं मार्चमध्ये,
तापवलेल्या सॉनात, माशाच्या सरसाने.

हा पाईन दलदलीच्या कडेचा.
साठ वर्षं एका अंगावर कलून उभा होता.
ज्या अंगावर भार, तिथलं लाकूड
तांबडं, जड, नख लागू न देणारं.
ओइवाने तो हेरला तेव्हा त्याचे दोन्ही हात होते.
म्हणजे आहेत अजून,
पण डावा आता मांडीवर ठेवून द्यावा लागतो,
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.

सरसही त्याच्याच काळातला.
बर्फाला भोकं पाडून धरलेल्या पर्चची कातडी,
दोरीवर वाळवून डब्यात साठवलेली.
काल दिवसभर मंद आचेवर होती.
वासाने मांजर आधी आलं, मग गेलं.
थंडीत हा सरस बघता बघता थिजतो.
म्हणून सॉना, म्हणून घाई,
म्हणून या कामाला चार हात लागतात
आणि घरात तीनच.

बर्फ लोटणारा रौनो पैसे घ्यायला दारात आला.
म्हटलं, बूट काढ. हे टोक धर.

साचा होडीच्या तळासारखा,
मध्ये खोल, दोन्हीकडे चढत गेलेला.
पट्ट्या एकीवर एक, मधोमध सरस, पाठ वर.
मुठीपासून टोकाकडे सायकलच्या ट्यूबचे वेढे,
प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकत.
ओइवा बाकावरून वेढे मोजत होता:
अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ, ऐंशी.
मी दुरुस्त केलं नाही.

रौनोचा घाम नाकावरून साच्यात पडला.
म्हणाला, पण धनुष्य ओढताना इकडे वाकतं ना?
तुम्ही तर तिकडे वाकवताय.

हो. आधी तिकडे.
दोरी चढवायची म्हणजे त्याची समजूत काढायची,
आणि समजूत काढायला आधी राग हवा.
सुट्ट्या असतात तोवर दोघी पट्ट्या वाकतात,
एकमेकींवरून घसरतात, सोडल्या की सरळ.
सरस वाळला की घसरणं संपलं.
मग सरळ व्हायचं म्हटलं तरी
एकटीला होता येत नाही, दुसरी धरून ठेवते.
हे मी टोक बांधता बांधता सांगितलं,
निम्मं दातांत दोरी धरून.
त्याला कळलं की नाही, माहीत नाही.
मोडेन पण वाकणार नाही म्हणणारं लाकूड
आमच्याकडेही असतं,
ते चुलीशेजारी रचलेलं, बघ, भरपूर आहे.

नवव्या दिवशी वेढे सोडले.
रौनो पुन्हा आला होता, बर्फ पडला नव्हता तरी.
ट्यूब सुटताना शेवटी एकदाच
लाकडाने कुरकुर केली.
साच्यात चार बोटं बाक दिला होता.
मोजला, तीन भरला.
माझा चेहरा पडला असणार,
कारण ओइवा म्हणाला, एक बोट घेतंच ते परत.
त्याचं आहे.

मग उजव्या तळव्याने जोड चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
मग उजव्याने डावा उचलला
आणि तोही ठेवला मुठीच्या जागी.
मी विचारलं, काही सांगतोय का?
थंड आहे म्हणतोय, ओइवा म्हणाला.

अजून कानस बाकी, दोरी बाकी,
इंचाइंचाने ओढून बघणं बाकी.
टोकं पलीकडे वळवून
ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतं.
रौनोने दोन्ही हातांनी अलगद उचललं,
छातीशी धरलं, खिडकीकडे नेम धरला,
पोट बाहेर, पाठ स्वतःकडे.

आम्ही दोघं एकदमच ओरडलो.